सर्व्हर विकत की भाड्याने? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

क्लाउडविषयी, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले मशीन इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याविषयी, प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे बहुतेक इंदूरचीच, आणि सूरही सारखाच : कोणीतरी कोटेशन हातात दिले आहे, त्यावर विश्वास ठेवावा का? त्यांतली सहा निवडली आहेत. रकमा वाचकांनी कळवलेल्या, किंवा हिशेबापुरत्या आम्ही धरलेल्या. तुमच्या वीजबिलातला दर घालून गणित पुन्हा मांडा. उत्तर बदलूही शकते.

प्रश्न : सियागंजात किराण्याचे ठोक दुकान, देवास नाक्यावर गोडाऊन. मुनीमजी धरून पाच जण टॅलीवर बसतात. सर्व्हर सहा वर्षांचा झाला. नव्याचे कोटेशन १,९०,००० रुपयांचे आहे. दुसरा म्हणतो क्लाउडवर या, महिना ९,००० रुपये. पाच वर्षांत स्वस्त काय पडेल?

१,९०,००० ला ६० महिन्यांनी भागले की ३,१६७ रुपये येतात आणि त्यापुढे ९,००० भलतेच वाटतात. पण सर्व्हर एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. दोन केव्हीएचा यूपीएस बॅटऱ्यांसह ४५,००० धरा. त्या बॅटऱ्या पाच वर्षांत एकदा तरी बदलाव्या लागतात, ते १६,०००. सर्व्हर आणि यूपीएस मिळून सरासरी २३० वॉट खातात. चोवीस तास, वर्षभर, म्हणजे सुमारे २,०१५ युनिट. त्या खोलीसाठी एक टनाचा एसी वर्षातले आठ महिने लावला आणि कॉम्प्रेसर रोज सहा तास चालला, तर आणखी १,४४० युनिट. एकूण ३,४५५. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला २७,६४०, पाच वर्षांत १,३८,२००. देखभालीचा करार वर्षाला १५,००० म्हणजे ७५,०००. दुकानाबाहेर बॅकअप ठेवायचे महिन्याला ६००, म्हणजे ३६,०००. सगळे मिळून ५,००,२००. महिन्याला ८,३३७ रुपये.

आता भाड्याची बाजू. ९,००० गुणिले ६०, म्हणजे ५,४०,०००. क्लाउडवर गेलात की नेट बंद म्हणजे दुकान बंद, म्हणून वेगळ्या कंपनीची दुसरी लाइन हवीच. महिना १,००० धरून ६०,०००. बेरीज सहा लाख. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्के आहे आणि तुम्हाला क्रेडिट मिळते, म्हणून तो बाजूला ठेवला. विंडोज सर्व्हरचा परवाना पहिल्या कोटेशनमध्ये धरलेला आहे ना, ते विचारून घ्या. नसेल तर पहिली बेरीजही वर सरकेल.

फरक राहिला पाच वर्षांत एक लाखाचा, महिन्याला १,६६० च्या आसपास. एवढ्या पैशांत तीन गोष्टी मिळतात : गोडाऊनवरून थेट बिल करता येते, धनत्रयोदशीला मदरबोर्ड गेला तर सुटा भाग येईपर्यंत वाट बघावी लागत नाही, आणि एकदम दोन लाख अडकत नाहीत. कराच्या बाजूनेही थोडा फरक आहे. विकत घेतलेल्या संगणकावर घसारा ४० टक्क्यांनी, म्हणजे पहिल्या वर्षी ७६,००० वजा होतात (१८० दिवसांहून कमी वापर असेल तर त्याच्या निम्मे). भाडे ज्या वर्षी दिले त्याच वर्षी पूर्ण खर्चात जाते. गोडाऊन नसते आणि पाचही जण एकाच छताखाली बसत असते, तर आम्ही घरचा सर्व्हर घ्या म्हटले असते. तुमच्या बाबतीत क्लाउड.

पण ९,००० मध्ये नेमके काय आहे ते लेखी घ्या. पाच जणांसाठी विंडोजला ४ जीबी आणि प्रत्येकाला दीड-दोन जीबी रॅम धरली तर १६ जीबीचे मशीन लागते, सोबत ४ कोअरचा प्रोसेसर आणि एसएसडी ही वेगवान डिस्क. पुष्कळ विक्रेते एकाच मशीनवर दहा-बारा दुकाने बसवतात. एरवी ते चालून जाते, पण जीएसटीच्या विवरणांची, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख आली की सगळी दुकाने एकदम रिपोर्ट काढायला बसतात आणि टॅली रांगायला लागते. मशीन स्वतंत्र की सामायिक, हा पहिला प्रश्न विचारा. दुसरा प्रश्न परवान्यांचा. विंडोज सर्व्हरवर देखरेखीसाठी फक्त दोघांना एका वेळी रिमोटवरून आत येता येते. तिसरा आला की कोणाला तरी बाहेर पडावे लागते. पाच जणांना बसायचे तर रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून त्या मशीनवर काम करण्याच्या सोयीचे, पाच परवाने हवेत, आणि कोटेशनमध्ये नेमके हेच गाळलेले असते.

टॅली आणि तिचा डेटा एकाच मशीनवर हवा. डेटा फोल्डर क्लाउडवर आणि टॅली दुकानातल्या संगणकावर, असा उद्योग करू नका. कारण सोपे आहे. टॅली डेटा बारीक-बारीक घासांनी वाचते. दुकानातल्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) एक फेरी, म्हणजे मागणी जाऊन उत्तर येणे, एक मिलिसेकंदात होते. मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंतची फेरी पंचवीस मिलिसेकंदांची धरा. एका रिपोर्टला दोन हजार फेऱ्या लागल्या तर इथे दोन सेकंद, तिथे पन्नास. वर नोंद लिहिली जात असताना लाइन तुटली तर डेटा बिघडतो आणि रिपेअर करत बसावे लागते. गूगल ड्राइव्हसारख्या, आपोआप सिंक होणाऱ्या (दोन्हीकडे सारख्या राहणाऱ्या) फोल्डरमध्ये टॅलीचा डेटा ठेवणाऱ्यांची गत याहून वाईट होते : दोघांनी एकदम काम केले की सिंक दोन प्रती बनवते आणि दोन्ही अर्धवट. म्हणून रिमोट डेस्कटॉप. त्यात मशीन तिकडे चालते, इकडे फक्त चित्र येते आणि कीबोर्ड जातो.

त्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे आत यायचे दार, मात्र इंटरनेटवर उघडा टाकू नका. तो उघडला की पासवर्ड चालवून बघणारे प्रोग्राम काही तासांत दार वाजवू लागतात आणि डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर घुसण्याची ती ठरलेली वाट आहे. आधी व्हीपीएन (खाजगी, सुरक्षित जोडणी), मगच रिमोट, आणि फोनवर येणारा दुसरा कोडही हवा. आणखी एक बारीक गोष्ट : नवे मशीन बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर येते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दोनचा म्हणून लावलेला बॅकअप मग सकाळी साडेसातला सुरू होतो, आणि मध्यरात्रीनंतरच्या नोंदींवर आदल्या दिवसाचा शिक्का बसतो. पहिल्याच दिवशी वेळ भारतीय करून घ्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिले निघत असतील तर त्याचीही चाचणी खरेदीआधीच घ्या. नंतर भांडण होते ते याच प्रिंटरवरून.

हलवाहलव रविवारी करा. ६ जीबी डेटा १० एमबीपीएसच्या अपलोडवर ८० मिनिटांत जातो. मग दोन्हीकडचा ट्रायल बॅलन्स, क्लोजिंग स्टॉक आणि व्हाउचरची संख्या पडताळा. तिन्ही जुळले की जुन्या मशीनवर नोंद करणे बंद. "एक आठवडा दोन्हीकडे चालू ठेवू" म्हणणारे शेवटी दोन अर्धवट चोपड्या घेऊन बसतात.

प्रश्न : सांवेर रोडवर आमचा डाय आणि फिक्स्चरचा कारखाना. तीन डिझायनर, ड्रॉइंगचा साठा २ टीबी. सगळेच क्लाउडवर टाका असा सल्ला मिळाला आहे.

टाकू नका. तुमच्या कामाला जवळची डिस्क लागते. ८०० एमबीची असेंब्ली (अनेक भाग जोडलेले ड्रॉइंग) गिगाबिट लॅनवर सात-आठ सेकंदांत उघडते. १०० एमबीपीएसच्या इंटरनेट लाइनवर, पूर्ण वेग मिळाला तरी, एक मिनिटाहून जास्त, आणि तीही एकट्याने वापरली तर. डिझायनर दिवसातून चाळीस वेळा फाइल उघडतो. ग्राफिक्स कार्डासह मशीन भाड्याने मिळते खरे, पण रोज आठ-नऊ तास, महिनाभर तेच काम असेल तर ते भाडे अंगावर येते. भाडे परवडते ते काम कमी-जास्त होणाऱ्याला. तुमचे काम सरळ रेषेत आहे.

तेव्हा ड्रॉइंग कारखान्यातल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) आणि क्लाउडवर फक्त बॅकअप. ४ टीबीच्या चार डिस्क रेड-५ या एकत्र जोडणीत लावल्या की १२ टीबी जागा मिळते आणि एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. मात्र रेडला बॅकअप समजू नका. डिझायनरने चुकून फोल्डर उडवले तर ते चारही डिस्कवरून एकाच क्षणी उडते, आणि रॅन्समवेअरलाही रेडचे सोयरसुतक नाही.

पहिल्या खेपेला २ टीबी वर चढवायचे आहे. २० एमबीपीएस अपलोड असेल तर २२२ तास, म्हणजे नऊ दिवसांहून जास्त. त्यामुळे रात्री पूर्ण वेग आणि दिवसा पाव वेग अशी मर्यादा बॅकअपच्या प्रोग्राममध्ये घाला, नाहीतर ऑफिसातले ईमेलही बसतील. पुढे रोजचे बदललेले ३ जीबी वीस मिनिटांत जातात. तिकडे फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू करा, आणि ठरावीक दिवस कोणालाही, तुम्हालाही, पुसता येऊ नये असे कुलूप लावा. नॅसवरचा व्हायरस क्लाउडमधल्या प्रतीपर्यंत पोचला तर हे कुलूपच कामी येते.

स्वस्तातल्या थंड (क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या) साठ्याच्या मोहात पडताना अटी वाचा. अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडवरच्या सर्वांत स्वस्त ग्लेशियर डीप आर्काइव्हमधून फाइल मागवली की नेहमीच्या पद्धतीत बारा तासांपर्यंत आणि स्वस्त पद्धतीत ४८ तासांपर्यंत वाट बघावी लागते. १८० दिवसांच्या आत पुसली तरी १८० दिवसांचे भाडे लागते. पाच वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगला ते ठीक, चालू जॉबला नाही. वर चढवायला पैसे पडत नाहीत, खाली उतरवायला पडतात : मुंबई रीजनमधून, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांमधून, महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर जीबीला ०.१०९३ डॉलर, म्हणजे पूर्ण २ टीबी परत आणायला सुमारे २०८ डॉलर. रक्कम जीवघेणी नाही, पण ती आधी माहीत हवी.

जाता जाता : नॅस आणि यूपीएस यांच्यात यूएसबीची वायर असते. बॅटरी संपत आली की नॅस स्वतः नीट बंद होते ती या वायरीमुळे. बहुतेक ठिकाणी ती खोक्यातच राहिलेली असते. आणि बॅटरी भट्टीलगतच्या भिंतीशी ठेवू नका; तापमान दहा अंशांनी वाढले की लेड बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. मे महिन्यात शेडमध्ये काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : भंवरकुआँला आमचे कोचिंग आहे. दर रविवारी १० ते १ ऑनलाइन टेस्ट, ४,००० मुले. दहा वाजून पाच मिनिटांनी साइट बसते. दुप्पट ताकदीचे मशीन घेतले, तरी तेच.

क्लाउड ज्या कामासाठी निघाला ते हे काम. महिन्यातल्या चार रविवारी सहा मशीन हवीत आणि बाकी वेळ एक पुरते. चार तास, चार रविवार, सहा मशीन, म्हणजे ९६ मशीन-तास. तीच सहा मशीन महिनाभर चालू ठेवली तर ४,३८० तास. (क्लाउडचा महिना ७३० तासांचा मोजतात.)

पण तुमचे दुखणे मशीनच्या ताकदीत नसावे. आधी तीन जागा तपासा. पहिली, डेटाबेसची जोडणी-मर्यादा, म्हणजे एका वेळी किती जोडण्या चालतात ती. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ती मुळात १५१ असते, पोस्टग्रेसमध्ये १००. मागे मर्यादा तीच ठेवून पुढे दहा मशीन लावली तरी रांग तिथेच लागते. मर्यादा आंधळेपणाने वाढवू नका, मध्ये कनेक्शन पूलर (थोड्या जोडण्या सगळ्यांना वाटून देणारा प्रोग्राम) बसवा. दुसरी जागा, उत्तरे आपोआप साठवण्याचा काळ. दर पाच सेकंदांनी साठवत असाल तर ४,००० मुलांच्या सेकंदाला ८०० नोंदी होतात. तीस सेकंद करा, १३३ वर येतील; उत्तर मधल्या वेळेत मुलाच्याच ब्राउझरमध्ये राहू द्या. हा बदल डेव्हलपरला अर्ध्या दिवसाचा आहे आणि बहुधा एवढ्यानेच निम्मे काम होईल. तिसरी, प्रश्नांतल्या आकृत्या. त्या मुख्य सर्व्हरवरून न देता सीडीएनवरून (जागोजागी प्रती ठेवणाऱ्या सेवेवरून) द्या.

मशीनचा प्रकारही बघा. स्वस्त टी (एडब्ल्यूएस) किंवा बी (मायक्रोसॉफ्टचे अझुर) मालिकेतली मशीन क्रेडिटवर चालतात. उदाहरणार्थ टी३ मीडियमचा पायाभूत वेग कोअरमागे २० टक्केच असतो. शांत वेळी क्रेडिट साठते आणि गर्दीत खर्च होते. अझुरच्या बी मालिकेत क्रेडिट संपले की वेग दाबला जातो, टी३ मध्ये वेग टिकतो पण जादा बिल लागते. परीक्षेच्या तीन तासांसाठी क्रेडिट नसलेली मालिका घ्या. मशीन आपोआप वाढवण्याच्या सोयीवर दहाच्या ठोक्याला विसंबू नका : भार दिसणार, मग नवे मशीन उठणार, यात काही मिनिटे जातात आणि मुले तोवर फोन करू लागतात. साडेनऊला सहा मशीन उभी राहतील आणि दीडला पाच खाली बसतील, असे वेळापत्रकच लावा. शनिवारी लोड टेस्टच्या टूलने ४,००० खोटे विद्यार्थी पाठवून बघा.

प्रश्न : मशीन 'स्टॉप' करून ठेवले, तरी दर महिन्याला बिल येते. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. स्टॉप केल्यावर प्रोसेसर आणि रॅमचे भाडे थांबते. डिस्क, तिचे जुने स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणीच्या प्रती) आणि राखून ठेवलेला इंटरनेटवरचा पत्ता यांचे चालू राहते. एडब्ल्यूएस फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावते, महिन्याला ३.६५. अझुरमध्ये आणखी एक खोच आहे : विंडोजच्या आतून शटडाउन केले तर मशीनचे पूर्ण भाडे चालूच राहते. पोर्टलवरून थांबवून 'डीअलोकेटेड' अशी पाटी दिसेपर्यंत ते सुटत नाही.

बजेटचा इशारा लावा, पण तो फक्त ईमेल पाठवतो, मीटर बंद करत नाही, आणि तोही काही तास उशिरा. बिल कार्डवर असेल तर १५,००० रुपयांवरचा आपोआप होणारा भरणा ओटीपीशिवाय जात नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ओटीपी मालकाच्या फोनवर, मालक लग्नाला, आणि खाते थकबाकीत. खात्यावर दोन जणांचे ईमेल ठेवा.

प्रश्न : आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. हिशेब परदेशातल्या सर्व्हरवर असले तर चालतात का?

चालतात, पण रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असलाच पाहिजे. कंपनी हिशेब नियम २०१४ मध्ये आधी 'ठरावीक काळाने' असे होते, ऑगस्ट २०२२ मध्ये ते 'रोज' झाले. सेवा देणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि आयपी पत्ता दरवर्षी आर्थिक विवरणासोबत रजिस्ट्रारला कळवावा लागतो. एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणी काय बदलले याची नोंद) चालू हवा, तो बंद करता येऊ नये. वह्या आठ वर्षे जपायच्या. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेच्या वापराच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा.

इतकी यातायात टाळायची तर सरळ भारतातलेच रीजन निवडा. एडब्ल्यूएसचे मुंबई २०१६ पासून आणि हैदराबाद २०२२ पासून आहे. अझुरचे पुण्यात, गूगलचे मुंबईत आणि दिल्लीत. खाते उघडताना रीजनच्या रकान्यात बऱ्याचदा अमेरिकेचे नाव आधीच भरलेले असते, तेवढे बदला.

प्रश्न : क्लाउडवाल्याचेच डेटा सेंटर जळाले तर? आणि जुन्या सर्व्हरचे काय करावे?

जळलेले आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीची एक इमारत आगीत पूर्ण गेली आणि ज्यांचा बॅकअप दुसरीकडे नव्हता त्यांचा डेटा परत आला नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे गूगलवरचे खाजगी क्लाउडच गूगलकडच्या चुकीने पुसले गेले. तो फंड पुन्हा उभा राहिला त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा हात होता. करारात भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. गेलेला डेटा कोणी भरून देत नाही. म्हणून एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, नाहीतर दुकानातल्या डिस्कवर. दर तिमाहीला त्या प्रतीतून एखाद्या रिकाम्या संगणकावर टॅलीत तुमची कंपनी उघडून मागच्या महिन्याचा ट्रायल बॅलन्स काढून बघा, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

जुन्या सर्व्हरमधली डिस्क आधी काढून घ्या. तीत तुमचे गिऱ्हाईक, दर, उधारी सगळे आहे आणि फॉरमॅट केल्याने ते जात नाही. नव्या जागी तीन महिने सुरळीत गेले की फिरत्या डिस्कला तीन-चार ठिकाणी ड्रिलने आरपार भोके पाडा. एसएसडी असेल तर आतली प्रत्येक काळी चिप फोडा, कारण भोक चिपच्या बाजूने गेले तर डेटा तसाच राहतो. उरलेला डबा महानगरपालिकेच्या गाडीत ई-कचऱ्याच्या कप्प्यात. यूपीएसच्या बॅटऱ्या त्यात टाकू नका. नव्या घेताना दुकानदार जुन्यांचे पैसे वजा करतो, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.